मॉस्कोची भुयारी रेल्वे : सौंदर्य आणि त्याचा हिशेब



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालविली जाते, त्यांचे शब्द प्रत्यक्ष ऐकण्याचे भाग्य आपल्यापैकी अनेकांना लाभले आहे. आणि ज्यांना ते लाभले नाही त्यांनाही त्यांच्या कार्याची साक्ष या सभागृहात आणि शेजारच्या वाचनालयात आजही मिळते. सार्वजनिक जागा कोणाचीच नसते, सबब ती कशीही असली तरी चालते, हा आपल्याकडील रूढ समज त्यांनी कधीही मान्य केला नाही. ती सर्वांची असते म्हणूनच ती प्रत्येकाच्या घराइतकी, किंबहुना घराहूनही अधिक, स्वच्छ, बळकट आणि शोभिवंत असली पाहिजे, असे ते मानीत आणि त्याप्रमाणे वागत. अशा पुरुषाच्या नावे चार शब्द बोलण्याची संधी आपण मला दिलीत, याबद्दल मी चालकांचा मनःपूर्वक ऋणी आहे.

आजच्या व्याख्यानासाठी मी जो विषय घेतला आहे तो आपल्या गावापासून फार दूरचा आहे. मॉस्को शहराच्या पोटात सोव्हिएत राजवटीने जी भुयारी रेल्वे उभारली, तिची स्थानके पाहण्याचा योग मला आला. स्थापत्यशास्त्राचा अधिकार माझ्यापाशी नाही, रशियन भाषेचे ज्ञान अक्षरे वाचण्यापुरते. तिकीट घेऊन फलाटावर उतरणारा आणि मान वर करून छताकडे पाहत राहणारा एक प्रवासी, एवढीच माझी पात्रता. परंतु ती स्थानके पाहत असताना एक विचार माझ्या मनात दृढ होत गेला, आणि तोच आपल्यापुढे मांडण्याचा माझा हेतू आहे. सामान्य माणसाच्या नित्याच्या वाटेवर सौंदर्य असावे, हा त्याचा हक्क आहे. आणि ते सौंदर्य कोणी, कोणत्या हेतूने व कोणाच्या कष्टांतून उभे केले याचा हिशेब विचारणे, हे त्या हक्काचेच दुसरे अंग आहे.

प्रथम थोडा इतिहास. मॉस्कोत भुयारी रेल्वे असावी ही कल्पना क्रांतीच्या पूर्वीची आहे. १९०२ साली प्योत्र बालिन्स्की आणि येवगेनी क्नोरे यांनी तशी तजवीज नगरसभेपुढे ठेवली होती; परंतु धर्माधिकाऱ्यांनी आणि पुराणवस्तूंच्या अभ्यासकांनी तीवर हरकती घेतल्या आणि नगरसभेने ती नामंजूर केली. पुढे महायुद्ध आले, क्रांती आली, यादवी आली, आणि प्रश्न दफ्तरातच पडून राहिला. दरम्यान शहर मात्र वाढत होते. १९२६ च्या शिरगणतीत सुमारे २० लाख असलेली वस्ती १९३९ मध्ये ४० लाखांच्या वर गेली. खेड्यांतून आलेले लोक कारखान्यांच्या आसऱ्याने बराकींत राहत आणि कामावर जाताना ट्रामगाड्यांच्या पायऱ्यांना लोंबकळत. अखेर जून १९३१ मध्ये कम्युनिस्ट पक्षाच्या मध्यवर्ती समितीने भुयारी रेल्वे बांधण्याचा ठराव केला. त्या कामावर पक्षाचा वरचष्मा लाझार कागानोविच यांचा होता, रोजची धावपळ पुष्कळशी निकिता ख्रुश्चेव्ह यांच्याकडे होती, आणि बांधकामाचे प्रमुख म्हणून पावेल रोतेर्त या अनुभवी अभियंत्याची नेमणूक झाली होती.

हे काम सोपे नव्हते. मॉस्कोच्या खालची जमीन एकसंध कातळाची नाही. तीत पाण्याने भरलेली वाळू आहे, चिखल आहे, बुजविलेल्या ओढ्यांचे जुने प्रवाह आहेत. खणलेला भाग कोसळू नये म्हणून कोठे जमीन गोठवावी लागे, तर कोठे दाबलेल्या हवेच्या कोठड्यांत मजुरांना काम करावे लागे. भुयार खणणारे शिल्ड नावाचे एक यंत्र इंग्लंडहून विकत आणण्यात आले आणि त्याबरहुकूम दुसरे सोव्हिएत कारखान्यांत तयार करण्यात आले. सरकत्या जिन्यांच्या बाबतीत लंडनच्या भुयारी रेल्वेचा अनुभव उपयोगी पडला; आणि पुढे या देवघेवीची परतफेडही झाली, कारण १९४७ साली लंडनमध्ये उघडलेल्या गँट्स हिल स्थानकाची रचना करताना चार्ल्स होल्डन या वास्तुरचनाकाराने मॉस्कोच्या स्थानकांचाच आदर्श डोळ्यांपुढे ठेवला होता. १९३४ मध्ये मजुरांची संख्या ७० हजारांच्या वर गेली. त्यांतील बहुतेक नुकतेच गाव सोडून आलेले शेतकरी होते, अनेक जण पक्षाच्या युवक संघटनेने पाठविलेले तरुण आणि तरुणी होत्या, आणि जमिनीखालच्या कामाची माहिती त्यांतील फार थोड्यांना होती.

१५ मे १९३५ रोजी ही रेल्वे लोकांसाठी खुली झाली. ११ किलोमीटरांहून थोडा अधिक मार्ग आणि १३ स्थानके, एवढाच तिचा प्रारंभीचा विस्तार. लंडन, पॅरिस आणि न्यूयॉर्क येथे भुयारी रेल्वे कितीतरी आधीपासून धावत होत्या. त्यामुळे नुसत्या सोयीच्या दृष्टीने मॉस्कोने काही नवे केले असे म्हणता येणार नाही. नवे होते ते असे की, येथे प्रत्येक स्थानकाची रचना स्वतंत्रपणे केली गेली, त्यासाठी नामांकित वास्तुरचनाकार, शिल्पकार आणि चित्रकार यांना पाचारण करण्यात आले, आणि उरल, काकेशस व क्रिमिया येथील खाणींतून निरनिराळ्या रंगांचे संगमरवर आणून भुयाराच्या भिंती मढविण्यात आल्या. आपल्याकडील जुन्या वाड्यात उंची गालिचे, झुंबरे आणि तसबिरी दिवाणखान्यात असत आणि राबणाऱ्या माणसांचा वावर अंधाऱ्या माजघरात असे. येथे त्या व्यवस्थेचा क्रम उलटा केलेला दिसतो. वरती बराकीत दाटीने राहणारा कामगार पहाटे कामावर जाताना झुंबरांच्या प्रकाशातून आणि पाषाणस्तंभांच्या रांगेतून चालत जाई.

आता पाहुण्याच्या पायांनी आपण या भुयारात उतरू. प्रवेशद्वारापाशी तिकिटाचा सोपस्कार एकदा पार पडला की पुन्हा बाहेर येईपर्यंत कितीही स्थानके पाहावीत, कोणी हटकीत नाही. पर्यटकाला याहून उदार नियम जगात क्वचितच आढळेल. आत शिरताच सरकता जिना लागतो, आणि त्याची लांबी पाहून प्रथम येणारा मनुष्य क्षणभर थबकतो. उजव्या बाजूस उभे राहावे आणि डावी बाजू घाईने जाणाऱ्यांसाठी मोकळी ठेवावी, हा तेथील शिरस्ता सर्वजण निमूटपणे पाळतात. या स्थानकांपैकी कित्येक ३० मीटरांहून अधिक खोल आहेत, आणि २००३ साली उघडलेले पार्क पोबेदी हे स्थानक तर ८० मीटरांहूनही खाली आहे. फलाटाच्या टोकाशी, बोगद्याच्या तोंडावर, मागची गाडी सुटून किती वेळ झाला ते दाखविणारे घड्याळ पूर्वी असे. गर्दीच्या वेळी दीड मिनिटाच्या सुमारास पुढची गाडी येते, म्हणून गाडी चुकल्याची हळहळ तेथे कोणालाच वाटत नाही. डब्यात स्थानकांची नावे पुकारली जातात तीही एका पद्धतीने : गाडी शहराच्या मध्याकडे जात असेल तर पुरुषाचा आवाज, मध्यापासून दूर जात असेल तर स्त्रीचा, आणि शहराला वेढणाऱ्या वर्तुळमार्गावर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने पुरुषाचा व उलट दिशेने स्त्रीचा. दृष्टिहीन प्रवाशाला यामुळे दिशा कानांनी कळते. अशा लहान तरतुदींत प्रवाशाविषयीची जी आस्था दिसते, ती मला मोठ्या मोझेक चित्रांइतकीच महत्त्वाची वाटली.

पहिल्या टप्प्याच्या स्थानकांत क्रोपोत्किन्स्काया हे मला सर्वांत गंभीर व सुसंस्कृत वाटले. अलेक्सेई दुश्किन आणि याकोव्ह लिख्तेनबेर्ग यांनी ते रचले. फिकट संगमरवराचे स्तंभ वर जाताना फुलाप्रमाणे उमलतात आणि त्यांच्या माथ्यात दडविलेल्या दिव्यांचा प्रकाश छतावर पसरतो; दिवा दिसत नाही, केवळ उजेड दिसतो. प्राचीन इजिप्तमधील कर्नाकच्या देवालयाचे स्तंभ दुश्किन यांच्या मनात होते. भुयारात आपण गाडलेलो आहोत ही भावना मनुष्याच्या मनात उत्पन्न होऊ नये, ही त्या काळच्या वास्तुरचनाकारांची मुख्य चिंता होती, आणि ती येथे किती थोड्या साधनांत दूर झाली आहे हे प्रत्यक्ष पाहिल्यावरच कळते. परंतु याच स्थानकाची दुसरी कथा जमिनीच्या वर आहे. प्रारंभी त्याचे नाव ‘सोव्हिएत प्रासाद’ असे होते, कारण शेजारी त्या नावाची एक प्रचंड इमारत उभी राहावयाची होती. तिच्यासाठी तेथील ख्रिस्त तारणहाराचे भव्य मंदिर १९३१ च्या डिसेंबरात सुरुंग लावून पाडण्यात आले. तो प्रासाद कधीच पूर्ण झाला नाही. उभारलेला लोखंडी सांगाडा युद्धकाळात उतरविण्यात आला, पुढे त्या जागी पोहण्याचा तलाव झाला, आणि सोव्हिएत सत्ता गेल्यावर तेथेच ते मंदिर पुन्हा बांधून २००० साली त्याची प्रतिष्ठापना झाली. ज्या प्रासादाचा दरवाजा म्हणून स्थानक बांधले तो प्रासाद कागदावरच राहिला, आणि दरवाजा मात्र अद्याप रोज हजारोंच्या उपयोगी पडतो आहे.

दुश्किन यांचीच दुसरी कृती म्हणजे १९३८ साली उघडलेले मायाकोव्स्काया हे स्थानक. एवढ्या खोलीवर जमिनीचा भार पेलण्यासाठी तोवर जाड खांब व भिंती आवश्यक मानल्या जात. येथे पोलादाच्या आधाराने बारीक खांब उभे करून सभागृह मोकळे ठेवण्याचे धाडस केले गेले, आणि खोल भुयारातील स्तंभरचनेचे हे जगातील पहिले स्थानक ठरले. चकाकणाऱ्या पोलादी पट्ट्यांच्या कमानी विमानाच्या अंगाची आठवण करून देतात, आणि ती आठवण अकारण नाही, कारण त्या पट्ट्या हवाई जहाजे बांधणाऱ्या कारखान्यात घडविलेल्या होत्या. छतातील लंबवर्तुळाकार कोनाड्यांत अलेक्सांद्र देइनेका या चित्रकाराच्या आराखड्यांवरून केलेली ३४ मोझेक चित्रे आहेत आणि त्यांचा विषय आहे सोव्हिएत देशाच्या आकाशातील एक अहोरात्र : पहाटेची विमाने, उड्या घेणारे खेळाडू, फुललेल्या झाडांच्या फांद्या, छत्रीच्या आधारे उतरणारे तरुण, आणि पुन्हा उगवती सकाळ. मान वर केल्याशिवाय ही चित्रे दिसत नाहीत. भुयारात चालणाऱ्या माणसाला आकाश दाखविण्याची ही योजना ज्याला सुचली, त्याच्या प्रतिभेपुढे मी नतमस्तक झालो.

या स्थानकाला इतिहासाने आणखी एक काम दिले. १९४१ च्या शरद ऋतूत जर्मन फौजा मॉस्कोवर चालून आल्या तेव्हा भुयारी रेल्वे हेच शहराचे आश्रयस्थान झाले. रात्री बॉम्बहल्ल्याचे भोंगे वाजले की आया मुलांना घेऊन बोगद्यांत उतरत, आणि त्या काळात या भुयारांत दोनशेहून अधिक बालके जन्मली. १६ ऑक्टोबर १९४१ रोजी तर रेल्वे बंद करण्यात आली आणि ती शत्रूच्या हाती पडू नये म्हणून उद्ध्वस्त करण्याची सिद्धताही सुरू झाली; परंतु तो हुकूम मागे घेतला गेला आणि गाड्या पुन्हा धावू लागल्या. ६ नोव्हेंबरला क्रांतीच्या वर्धापनदिनाची सभा याच मायाकोव्स्काया स्थानकाच्या मध्यभागी भरली आणि स्टालिनचे भाषण तेथूनच देशभर ऐकविले गेले. शोभेसाठी बांधलेले सभागृह संकटकाळी नगराचे कवच झाले.

तिसरे स्थानक प्लोश्चाद रेव्होल्यूत्सी, म्हणजे क्रांतिचौक. तेथे प्रत्येक कमानीच्या पायथ्याशी मात्व्हेई मानिझेर या शिल्पकाराने घडविलेल्या ब्राँझच्या मूर्ती आहेत. त्यांची संख्या ७६. खलाशी, सैनिक, अभियंता, कोंबड्यांना दाणे घालणारी स्त्री, पुस्तक वाचणारी विद्यार्थिनी, बाळाला उचललेली माता, अशा त्या मूर्ती १९१७ पासून पुढच्या वीस वर्षांचा क्रम दाखवीत मांडलेल्या आहेत. कमानी ठेंगण्या असल्यामुळे बहुतेक मूर्ती बसलेल्या किंवा वाकलेल्या आहेत. परंतु लोकांनी या शिल्पांशी स्वतःचे जे नाते जोडले ते कोणत्याही पक्षाने ठरवून दिलेले नाही. सीमेवरील पहारेकऱ्याच्या कुत्र्याचे नाक परीक्षेला जाताना विद्यार्थी चोळतात आणि त्यामुळे ते सोन्यासारखे लखलखते. कोणाच्या गौरवासाठी काय घडविले, हे राज्यकर्ते ठरवितात. त्यातील काय आपलेसे करावयाचे, हे प्रवासी ठरवितो.

आता एका कारागिराचे नाव मी विशेष आदराने घेतो. व्लादिमीर फ्रोलोव्ह हे लेनिनग्राडमधील मोझेकचे श्रेष्ठ जाणकार. त्याच शहरातील, म्हणजे पूर्वीच्या पीटर्सबर्गमधील, सांडलेल्या रक्तावरील तारणहाराच्या मंदिरातील विशाल धार्मिक चित्रे त्यांच्याच कार्यशाळेने घडविली होती. राजवट बदलली, देवादिकांच्या जागी विमाने व खेळाडू आले, परंतु रंगीत काचेचे चिमुकले चौकोन जोडणारे हात तेच राहिले. मायाकोव्स्कायाची चित्रेही त्यांच्याच देखरेखीखाली तयार झाली. पुढे लेनिनग्राडला जर्मनांचा वेढा पडला. अन्न संपले, इंधन संपले, लोक रस्त्यात पडून मरू लागले. आणि त्या अवस्थेत या वृद्ध कारागिराने देइनेका यांच्या आणखी काही आराखड्यांवरून मोझेक चित्रे पूर्ण केली. ती वेढ्यातून बाहेर काढून मॉस्कोला नेण्यात आली, आणि फ्रोलोव्ह १९४२ च्या फेब्रुवारीत उपासमारीने मृत्यू पावले. ती चित्रे आज १९४३ मध्ये उघडलेल्या नोवोकुझ्नेत्स्काया स्थानकाच्या छतात आहेत. युद्ध ऐन भरात असताना बांधलेल्या त्या काळच्या स्थानकांवर ‘देशरक्षणाच्या युद्धाच्या दिवसांत बांधले’ अशा अर्थाचे लेख कोरलेले आहेत. आणि ते वाचताना मला प्रथम आठवण झाली ती या उपाशी हातांची. श्रोतेहो, या रेल्वेचे वर्णन ‘जमिनीखालचे राजवाडे’ असे सर्वत्र केले जाते. परंतु राजवाड्याची शोभा पाहताना राजाचे नाव लक्षात ठेवावे आणि कारागिराचे विसरावे, ही आपल्या नजरेची जुनी खोड आहे, आणि ती मोडणे हे प्रवासाचे एक मोठे फळ आहे असे मी समजतो.

युद्धानंतर वर्तुळमार्ग तयार झाला. १९५० ते १९५४ या काळात तीन टप्प्यांत तो पूर्ण झाला. त्यावर १२ स्थानके आहेत आणि अर्ध्या तासाच्या आत गाडी पूर्ण फेरी घालते. विजयाचा आनंद आणि सत्तेचा दिमाख या दोन्ही भावना येथे शिगेला पोहोचलेल्या दिसतात. नोवोस्लोबोद्स्काया स्थानकात ३२ रंगीत काचचित्रे आहेत. त्यांचे आराखडे पावेल कोरिन या चित्रकाराचे आणि काचकाम रीगा येथील लाटव्हियन कारागिरांचे. काचेच्या मागे दिवे आहेत, त्यामुळे सूर्यकिरण जेथे कधीही पोहोचणार नाहीत अशा खोलीवर खिडकीतून ऊन आल्याचा भास होतो. कियेव्स्काया स्थानकात युक्रेन व रशिया यांच्या मैत्रीची चित्रे आहेत. आज त्या दोन देशांत चाललेल्या युद्धाच्या पार्श्वभूमीवर ती पाहताना मनाला ज्या यातना होतात त्या शब्दांत सांगणे कठीण आहे.

कोम्सोमोल्स्काया हे या सर्वांचे शिखर. त्याच्या वरती लेनिनग्राद्स्की, यारोस्लाव्स्की आणि कझान्स्की ही तीन मोठी रेल्वे स्थानके असल्यामुळे, दूरदूरच्या प्रांतांतून राजधानीत येणारा मनुष्य शहराचे पहिले दर्शन येथेच घेतो. लेनिनची समाधी आणि झारच्या कारकिर्दीत सुरू झालेले कझान्स्की स्थानक ज्यांनी रचले, त्या अलेक्सेई श्चुसेव्ह यांची ही अखेरची मोठी रचना. स्थानक १९५२ साली खुले झाले तेव्हा ते हयात नव्हते. पिवळ्या छतावर पांढरे नक्षीकाम, प्रचंड झुंबरे, आणि त्यांच्या मधोमध कोरिन यांची आठ मोझेक चित्रे. कोरिन हे पालेख या गावातील, पिढ्यान् पिढ्या धार्मिक चित्रे रंगविणाऱ्या घराण्यात जन्मलेले. त्यांनी येथे अलेक्सांद्र नेव्स्की, दिमित्री दोन्स्कोई, सुवोरोव्ह आणि कुतुझोव्ह अशा सेनानींना सोनेरी पार्श्वभूमीवर उभे केले. १९४१ च्या नोव्हेंबरात लाल चौकातील संचलनाच्या वेळी स्टालिनने याच पूर्वजांची नावे घेऊन सैनिकांना आवाहन केले होते. धर्माला हद्दपार करणाऱ्या सत्तेने आपल्या गौरवासाठी देवळातील चित्रकलाच वापरली, ही गोष्ट त्या छताखाली उभे राहिले की निराळी सांगावी लागत नाही.

येथून मी हिशेबाच्या भागाकडे वळतो. या आठ चित्रांपैकी एकात लेनिनच्या समाधीवर स्टालिन आणि त्याचे सहकारी विजयाचे संचलन पाहत उभे होते. स्टालिनच्या मृत्यूनंतर जसजसा एकेक सहकारी पदच्युत झाला तसतसा त्याचा चेहरा चित्रातून काढून टाकण्यात आला, आणि अखेर खुद्द स्टालिनची प्रतिमा जाऊन तेथे मातृभूमीची प्रतीकमूर्ती आली. रेल्वेला प्रारंभी कागानोविच यांचे नाव होते. १९५५ मध्ये ते जाऊन लेनिनचे नाव लागले. कुर्स्काया स्थानकात स्टालिनच्या स्तुतीचा जो लेख काढून टाकण्यात आला होता तो २००९ साली पुन्हा कोरण्यात आला, आणि तागान्स्काया स्थानकात १९६० च्या दशकात काढलेल्या त्याच्या शिल्पाची प्रतिकृती २०२५ च्या मे महिन्यात पुन्हा बसविण्यात आली. पाषाण स्थिर असतो असे आपण समजतो; परंतु सत्तेच्या हाती दिलेला पाषाण पाटीवरील अक्षरांइतक्याच सहजतेने पुसला जातो आणि पुन्हा लिहिलाही जातो. म्हणून जे दिसते त्याच्याबरोबर जे पुसले गेले आणि जे परत आणले गेले तेही विचारावे, हा पर्यटकाचा धर्म होय.

याहून कठोर हिशेब पहिल्या टप्प्याच्या वर्षांचा आहे. १९३२ आणि १९३३ या दोन वर्षांत, भुयारात संगमरवर बसविण्याची तयारी चालली असताना, युक्रेन, कझाकस्तान आणि व्होल्गा नदीचा प्रदेश येथे सक्तीच्या धान्यवसुलीने आणि सामुदायिक शेतीच्या जुलमाने ओढवलेल्या दुष्काळात लक्षावधी माणसे मेली. याच सुमारास अंतर्गत पारपत्रांचे फर्मान निघाले आणि गावातील शेतकऱ्याला शहरात येणेही दुरापास्त झाले. पुढे १९३७ आणि १९३८ मध्ये अटकसत्र चालू असतानाच मायाकोव्स्काया आणि क्रांतिचौक ही स्थानके उघडली. जनतेसाठी प्रासाद उभारणारी आणि जनतेलाच भयाखाली ठेवणारी राजवट एकच होती. या दोन गोष्टींतील कोणतीही एक विसरून दुसरीचे वर्णन करणारा मनुष्य अर्धसत्य बोलतो.

तेव्हा काही जण म्हणतात की, हे सौंदर्य म्हणजे केवळ प्रचार, त्याकडे पाहूच नये. हे मत मला मान्य नाही. हेतू प्रचाराचा होता हे निर्विवाद. परंतु पहाटे कामावर जाणाऱ्या स्त्रीला त्या प्रकाशात क्षणभर जो विसावा मिळाला असेल तो खोटा नव्हता, फ्रोलोव्ह यांची निष्ठा खोटी नव्हती, बोगद्यात जन्मलेल्या बालकांना मिळालेले संरक्षण खोटे नव्हते. सत्ता ज्या हेतूने सौंदर्य देते तो हेतू सत्तेबरोबर लयाला जातो. ज्यांनी ते घडविले आणि ज्यांनी ते वापरले त्यांचा वारसा मात्र टिकतो. दुसरा आक्षेप खर्चाचा. ४ नोव्हेंबर १९५५ रोजी ख्रुश्चेव्ह यांच्या पुढाकाराने आराखडे व बांधकाम यांतील अतिरेक थांबविण्याचे फर्मान निघाले आणि त्यानंतर कित्येक वर्षे एकाच साच्याची, दोन रांगांत बारीक खांब असलेली स्थानके बांधली गेली. बराकींत खितपत पडलेल्या लोकांना घरे हवी होती, आणि झुंबरांचा पैसा घरांकडे वळविणे न्यायाचेच होते, हे मी मान्य करतो. परंतु खर्च कमी करणे आणि प्रवाशाची कदर कमी करणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. क्रोपोत्किन्स्काया स्थानकाची थोरवी मौल्यवान दगडात नाही, उजेडाच्या योजनेत आहे. आणि विचाराला संगमरवराइतकी किंमत पडत नाही.

या विषयाचा आपल्याशी काय संबंध, असे आपण विचाराल तर संबंध आहे. रेल्वेच्या इमारतीला शिल्पांनी नटविण्याची परंपरा आपल्याला अपरिचित नाही. मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस १८८८ साली पूर्ण झाले. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांच्या त्या इमारतीवरील पशुपक्षी, पानेफुले आणि जाळ्या घडविण्यात सर जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचा हात होता. तेथेही कर्ता परका, हेतू साम्राज्याचा, आणि कारागीर आपले. कलकत्त्याच्या भुयारी रेल्वेचा आराखडा तयार करण्यात सोव्हिएत तज्ज्ञांचे साह्य झाले होते आणि ती १९८४ साली धावू लागली. अण्णा भाऊ साठे १९६१ साली रशियाला गेले आणि त्यांनी आपल्या प्रवासाचे वर्णन लिहिले. गिरणीत राबलेल्या त्या शाहिराचा पुतळा २०२२ पासून मॉस्कोत उभा आहे. आज मुंबई, पुणे आणि नागपूर येथे मेट्रोच्या मार्गांचे काम झपाट्याने होत आहे, आणि कुलाब्यापासून आरेपर्यंतचा भुयारी मार्ग आपल्या डोळ्यांदेखत तयार झाला आहे.

या स्थानकांची रचना करणाऱ्यांना मी एवढीच विनंती करीन, आणि त्यांनी ऐकावे यासाठी आपण नागरिकांनी सतत आग्रह धरावा. आपल्याला झुंबरे नकोत, सोनेरी छते नकोत; परंतु लोकलच्या गर्दीत रोज चार तास झिजणाऱ्या माणसाला जिन्यावरून उतरताना उजेड मिळावा, बसावयास स्वच्छ बाक मिळावा, दृष्टिहीनाला दिशा कळावी, भिंतीवर जाहिरातीखेरीज एखादे असे चित्र असावे की ज्याकडे मुलाने बोट दाखवून आईला प्रश्न विचारावा. आणि प्रत्येक स्थानकाच्या दर्शनी भागात, उद्घाटन करणाऱ्याच्या नावाच्या आधी, त्याची रचना करणाऱ्याचे आणि बांधकामात प्राण गमावलेल्या मजुरांचे नाव कोरलेले असावे. मॉस्कोच्या स्थानकांत जे उत्कृष्ट आहे ते आपण यायोगे घेऊ, आणि जे भयंकर आहे ते टाळू : सौंदर्य नागरिकाला मिळेल, परंतु त्याबद्दल त्याला कोणाचेही स्तोत्र म्हणावे लागणार नाही. लोकशाहीची परीक्षा निवडणुकीच्या दिवशी होते तितकीच ती रोज सकाळी फलाटावर होते. तेथे उभ्या असलेल्या माणसाला राज्य कसे वागविते, त्यावरून त्या राज्याची खरी किंमत ठरते.